पेट्रोलचा शिक्का आणि पेट्रोलचा कस

अमक्या पंपावरचे पेट्रोल चांगले आणि तमक्या पंपावरचे हलके, याविषयी ज्याचे मत पक्के नाही असा वाहनधारक पुण्यात विरळाच. कोणी सांगतो की या कंपनीच्या पेट्रोलवर गाडी अ‍ॅव्हरेज जास्त देते. कोणी शपथेवर सांगतो की त्या कंपनीचे पेट्रोल भरू लागल्यापासून कात्रजचा चढ गाडी न कुरकुरता चढते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या या गावात आता दारोदारी दुचाकी उभ्या असल्याने हा वाद कट्ट्यावरून निघून जेवणाच्या पानापर्यंत येऊन पोचला आहे. त्याचा निकाल मात्र लागत नाही. कारण दोन्ही पक्षांचा पुरावा एकच, आणि तो म्हणजे स्वतःचा अनुभव. अशा वेळी इतिहासाची साक्ष काढून पाहावी असे आम्हांला वाटते. पेट्रोलवरचा शिक्का आणि पेट्रोलचा कस यांचे नाते नेहमी एकसारखे राहिलेले नाही. एका काळी ते खरोखरच घट्ट होते. मग ते सुटत गेले. शिक्क्यावरचा आपला विश्वास मात्र त्या पहिल्या काळातलाच राहिला.

गंमत अशी की 'पेट्रोल' हा शब्द बाजारात आला तोच मुळी शिक्का म्हणून. लंडनच्या कारलेस, केपल अँड लिओनार्ड या व्यापारी पेढीने १८९० नंतरच्या दशकात आपल्या हलक्या तेलाला हे नाव दिले, आणि त्यावर आपला एकटीचा हक्क मिळावा म्हणून प्रयत्नही केला. तो हक्क तिला मिळाला नाही. मग सगळेच आपल्या मालाला पेट्रोल म्हणू लागले. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत त्याला 'मोटार स्पिरिट' म्हणत. १९१७ साली या मोटार स्पिरिटवर कर बसवण्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. लोकांच्या तोंडी मात्र 'पेट्रोल'च राहिले. 'घासलेट' या शब्दाची कथाही याच जातीची. तो 'गॅसलाइट'चा अपभ्रंश मानतात, आणि 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल'.

या घासलेटाचा येथे उल्लेख करण्याचे कारण आहे. मोटारी येण्यापूर्वी तेलाचा सारा धंदा घासलेटाचा होता. खनिज तेल तापवून त्याचे भाग वेगळे काढताना घासलेटाच्या आधी जो अतिहलका भाग उडून निघे, तोच पेट्रोल. दिव्यात तो घालावा तर भडका उडायचा, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो नासाडीतच जाई. मोटार आली आणि या टाकाऊ वस्तूला किंमत आली. पण त्या काळी तेलाच्या कारखान्यात रसायनाची करामत फारशी नव्हती. जमिनीतून जसे तेल निघेल तसे ते तापवायचे आणि ऊर्ध्वपातनाने भाग पाडायचे, एवढीच क्रिया. त्यामुळे ज्या मुलखाचे तेल त्या मुलखाचा गुण पेट्रोलमध्ये जशाचा तसा उतरे. ब्रह्मदेशाचे पेट्रोल वेगळे, इराणचे वेगळे, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे वेगळे. आणि प्रत्येक कंपनीची तेलक्षेत्रे ठरलेली असल्याने डब्यावरचा शिक्का पाहिला की आत काय आहे याचा बराचसा अंदाज येई.

यातील सर्वांत बोलके उदाहरण बोर्निओचे आहे. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्या दाबून धरतो, मग ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. मिश्रण फार दाबले तर ज्वाला पोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील वायू आपोआप पेट घेतो आणि आत हातोडा मारल्यासारखा आवाज होतो. घाटात भरल्या गाडीला वरच्या गिअरमध्ये रेटू पाहणाऱ्यांनी तो ऐकलेला आहे. मेकॅनिक त्याला 'इंजिन नॉक करते' असे म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने निरनिराळ्या पेट्रोलांची या दृष्टीने परीक्षा केली. तोवर पेट्रोलची प्रत वजनावर ठरे. जितके हलके तितके चांगले, असा सर्वमान्य समज होता. बोर्निओचे पेट्रोल जड, म्हणून ते हलक्या प्रतीचे ठरलेले. ते जाळून टाकले जात असे. रिकार्डोला आढळले की हे जड पेट्रोलच इंजिनात सर्वांत अधिक दाब सोसते आणि ठोका देत नाही. त्यात टोल्युइनसारखी सुगंधी वर्गातील द्रव्ये भरपूर होती. ते तेल शेल कंपनीचे होते. म्हणजे त्या वर्षांत कोणी म्हणाला असता की शेलचे पेट्रोल इतरांपेक्षा निराळे, तर तो भाबडा नव्हता. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

हा भेद बुजवण्याचे काम एका विषाने केले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याने डिसेंबर १९२१ मध्ये शोधून काढले की टेट्राएथिल शिसे नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळले तर सामान्य पेट्रोलही ठोका देत नाही. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायओ संस्थानातील डेटन गावी असे पेट्रोल विक्रीस आले. त्याच्या नावात शिसे हा शब्द कटाक्षाने टाळलेला होता; नाव होते 'एथिल'. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य तयार करताना पाच कामगार वेडेपिसे होऊन मेले. थोडे दिवस आरडाओरड झाली, चौकशी झाली, आणि १९२६ साली पुन्हा विक्रीची वाट मोकळी झाली. त्याच साली ग्रॅहम एडगर याने ठोका मोजण्याची पट्टी सुचवली. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० गुण, हेप्टेनला शून्य, आणि पेट्रोल या दोहोंच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते ते पाहून त्याचा ऑक्टेन आकडा ठरवायचा. आता बोर्निओचे पेट्रोल असो की ब्रह्मदेशाचे, शिशाचे चार थेंब अधिक-उणे केले की हवा तो आकडा हाती येऊ लागला. पुढे तेलाचे जड रेणू फोडून आणि हलके रेणू जोडून पेट्रोल घडवण्याच्या क्रिया आल्या. त्यामुळे मुलखाचा उरलासुरला गुणही पुसला गेला. जो भेद निसर्गाने दिला होता तो कारखान्याने नाहीसा केला, आणि नेमका त्याच सुमारास जाहिरातीला ऊत आला.

हिंदुस्थानात काय झाले? १९२७-२८ मध्ये येथील घासलेटाच्या बाजारात रॉयल डच-शेल आणि अमेरिकन स्टँडर्ड ऑइल यांच्यात रशियन तेलावरून दरयुद्ध पेटले. १९२८ साली बर्मा ऑइल आणि शेल यांनी या देशातील विक्रीसाठी एकत्र येऊन बर्मा-शेल कंपनी काढली. म्हणजे एकाच शिक्क्याखाली दोन घराण्यांचा, दोन मुलखांचा माल विकला जाऊ लागला. शिक्का हा आता मालाचा उगम सांगणारा उरला नाही; विक्रीची व्यवस्था कोणाची एवढेच तो सांगू लागला. पुढे स्टँडर्ड-व्हॅक्यूम आली, कॅल्टेक्स आली. त्यांच्या पंपांचे रंग निरनिराळे होते, एवढे निश्चित.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जो प्रकार झाला तो या विषयात फार उपयोगी आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये तेथील सरकारने सर्व कंपन्यांचे शिक्के बाजूला ठेवून सारे पेट्रोल एका हौदात जमा करवले. याला 'पूल पेट्रोल' म्हणत. ही स्थिती १९५३ च्या आरंभापर्यंत टिकली. तेरा-चौदा वर्षे त्या देशात कोणालाही आपल्या आवडत्या कंपनीचे पेट्रोल मिळाले नाही. लोकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. पण त्या रेशनच्या कुपनांविषयी आणि एकूण पेट्रोलच्या हलक्या प्रतीविषयी. सर्वांची प्रत एकदमच उतरली होती. शिक्का त्या प्रतीला वर उचलू शकला नसता.

आपल्याकडे याच्या उलट प्रयोग झाला, आणि तो आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांदेखत झाला. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली परदेशी कंपन्यांशी करार होऊन मुंबईजवळ माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने शेजारी शेजारी उभे राहिले. स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा १९५४ साली सुरू झाला, बर्मा-शेलचा १९५५ साली. कॅल्टेक्सचा विशाखापट्टणम येथे १९५७ साली. स्टँडर्ड-व्हॅक्यूमचे नाव १९६२ मध्ये 'एसो' झाले आणि वाघाचे चित्र घेऊन ती जगभर मिरवली. टाकीत वाघ घाला, असा तिचा उपदेश असे! १९५९ साली सरकारची इंडियन ऑइल निघाली. १९६० मध्ये या परदेशी कंपन्यांनी रशियाचे स्वस्त तेल आपल्या कारखान्यांत गाळण्यास नकार दिला, तेव्हापासून मंत्री केशवदेव मालवीय आणि कंपन्या यांचा झगडा विकोपाला गेला. त्याची परिणती पुढे राष्ट्रीयीकरणात झाली. १९७४ साली एसोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली; जानेवारी १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारजमा होऊन १९७७ पासून तिला भारत पेट्रोलियम म्हणू लागले; कॅल्टेक्स १९७६ अखेर ताब्यात येऊन १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली.

चार-पाच वर्षांत पंपांवरच्या पाट्या बदलल्या. वाघ गेला, शिंपला गेला. परंतु माहुलचे कारखाने तेच, टाक्या त्याच, पंपवाले बहुधा तेच. एखाद्या अँबॅसिडरने किंवा फियाटने पाटी बदलल्यामुळे कात्रजचा घाट चढण्यास नकार दिला, असे आमच्या तरी ऐकिवात नाही. याच काळात मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायचे तेल सापडले आणि माहुलचे दोन्ही शेजारी एकाच विहिरीचे पाणी पिऊ लागले.

आज पुण्याच्या पंपांवर जे पेट्रोल येते त्याचा मार्ग पाहावा. हिंदुस्थान पेट्रोलियमची नळवाहिनी मुंबईहून घाट चढून लोणीला येते. या एकाच नळातून डिझेल, घासलेट, पेट्रोल हे एकामागोमाग एक असे सोडले जातात. दोन मालांच्या सीमेवर जो थोडा मिश्र भाग तयार होतो तो वेगळा काढतात. लोणीला तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत. या तिन्ही कंपन्या वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी एकमेकींच्या कारखान्यांतील माल आपसांत उचलतात. इंडियन ऑइलचा मुंबईत कारखानाच नाही. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी गेलेली शेल या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा पंप घेऊन आली, पण या देशात तिचाही स्वतःचा कारखाना नाही. मूळ पेट्रोल तिला दुसऱ्याकडूनच घ्यावे लागते. या सर्व मालाला एकच मानक लागू आहे, आणि ऑक्टेन किती, गंधक किती, बेन्झीन किती हे त्यात ठरवून दिलेले आहे. साधे पेट्रोल साध्या पेट्रोलसारखेच असते ते असे.

मग काहीच भेद नाही काय? आहे, आणि तो नाकारणे खोटेपणाचे होईल. डेपोतून टँकर भरताना प्रत्येक कंपनी आपले पूरक द्रव्य पेट्रोलमध्ये मिसळू शकते. इंजिनातील झडपा आणि पिचकाऱ्या यांवर जो काळा थर बसतो तो धुऊन काढणारी ही द्रव्ये असतात. २००२ च्या सुमारास भारत पेट्रोलियमचे 'स्पीड', हिंदुस्थान पेट्रोलियमचे 'पॉवर', इंडियन ऑइलचे 'एक्स्ट्रा प्रीमियम' ही निघाली ती याच पायावर. अशा द्रव्यांचा गुण काल्पनिक नाही. अमेरिकेतील मोटारवाल्यांच्या 'ए.ए.ए.' या संस्थेने २०१६ साली केलेल्या चाचणीत, उत्तम धावनद्रव्य असलेल्या पेट्रोलपेक्षा केवळ कायद्यापुरते द्रव्य घातलेल्या पेट्रोलने चार हजार मैलांच्या चालीत १९ पट अधिक थर साचवला. पण हा गुण आज टाकी भरली आणि उद्या गाडी पळू लागली अशा जातीचा नाही; हजारो मैलांनी दिसणारा आहे. जाहिरात मात्र उद्याचेच वचन देते. अमेरिकेतच १९७० मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने 'एफ-३१०' नावाच्या द्रव्याने गाडीचा धूर निवळतो असे पारदर्शक फुगे लावून दाखवले, आणि तेथील व्यापार आयोगाने ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली.

दुसरा भेद ऑक्टेनचा. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल दहा शहरांत आणले, त्यांत पुणे होते. दिल्लीत त्याचा आरंभीचा दर लिटरला १६० रुपये, म्हणजे साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त शक्ती, असा समज पसरला आहे. परंतु ऑक्टेन हा शक्तीचा आकडा नाही, दाब सोसण्याचा आहे. ज्या इंजिनाचा दाबच बेताचा, त्याला तो सोसण्याची शक्ती विकत घेऊन देणे म्हणजे एकमजली घराला दहा मजल्यांचा पाया घालण्यासारखे आहे. रोजच्या स्कूटरला त्याचा उपयोग नाही. उंच दाबाच्या, परदेशी बनावटीच्या गाड्यांना आहे.

शिक्क्याच्या या चर्चेत पेट्रोलचा सर्वांत मोठा दोष कधी आलाच नाही, याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. तो दोष म्हणजे शिसे. पाऊणशे वर्षे ते जगातील बहुतेक सर्व कंपन्यांच्या पेट्रोलमध्ये होते. धुराड्यातून ते रस्त्यावर, धुळीत, आणि रस्त्यालगतच्या घरांतील लेकरांच्या रक्तात जात होते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. आमच्या पेट्रोलमध्ये शिसे कमी, अशी फुशारकी मारून आपल्या देशात कोणत्याही कंपनीने गिऱ्हाइके ओढली नाहीत, कारण सगळ्यांच्याच पेट्रोलात ते होते. ते गेले ते न्यायालयाच्या आणि सरकारच्या हुकुमाने. १९९५ च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच झाले. गंधकाचेही तसेच, १ एप्रिल २०२० पासून ते दशलक्षात दहा भागांवर आणले गेले. पेट्रोलच्या प्रतीत गेल्या तीस वर्षांत जी खरी सुधारणा झाली ती एकाच दिवशी सर्व पंपांवर झाली, आणि वाहनधारकांपैकी बहुतेकांना तिची वार्ताही नव्हती.

आता उरतो तो वाटेवरचा भाग, आणि आमच्या मते कट्ट्यावरचा सारा वाद वस्तुतः याच भागाविषयी असतो. डेपोपर्यंत जो माल एक असतो तो पंपावर एक राहीलच असे नाही. रेशनचे घासलेट सरकारी मदतीने स्वस्त आणि पेट्रोल महाग, अशी तफावत अनेक दशके होती. तेवढ्या तफावतीत भेसळीचे एक राज्य उभे राहिले. मनमाडजवळ तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तेथे २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलचोरांनी भरदिवसा जाळून मारले. उत्तर प्रदेशात २००५ साली इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा असाच खून झाला. त्यांनी भेसळीचे पंप बंद केले होते. म्हणजे 'अमक्या पंपाचे पेट्रोल चांगले' हे वाक्य पुष्कळदा खरे असते. फक्त त्यातील गुण कंपनीचा नसून त्या पंपाच्या मालकाचा असतो. एकाच शिक्क्याचे दोन पंप, एक कर्वे रस्त्यावर आणि एक हमरस्त्यावर, यांत जेवढा फरक पडू शकतो तेवढा दोन शिक्क्यांच्या दोन प्रामाणिक पंपांत पडणार नाही.

अलीकडे या वादात इथेनॉलची भर पडली आहे. त्यावर हल्ली एवढे बोलले जाते की आम्ही थोडक्यातच सांगतो. ही कल्पना नवी नाही; पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कायदा या देशात १९४८ सालीच झाला होता. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभारला तो याच काळातला. त्या चळवळीतून निघालेल्या साखर कारखान्यांची मळी आणि रस आज पेट्रोलच्या टाकीपर्यंत पोचले आहेत. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे पाच टक्के मिश्रणाचे प्रयोग झाले; २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी. नीति आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात, जुन्या धाटणीच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी घटेल असे म्हटले आहे. तेव्हा 'पूर्वीसारखे अ‍ॅव्हरेज मिळत नाही' ही तक्रार भ्रम नव्हे. पण हे मिश्रण सरकारी धोरणाने ठरते. पंप बदलून ते चुकवता येत नाही.

इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. पंपाखालच्या टाकीत पावसाचे पाणी झिरपले तर ते इथेनॉलला आपल्याकडे खेचून तळाशी वेगळा थर करते, आणि तोच थर गाडीत गेला तर गाडी दोन फर्लांगांवर बंद पडते. पुण्याच्या पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते की नाही, तळाचे पाणी पंपवाला रोज तपासतो की नाही, यावर गिऱ्हाइकाचे नशीब अवलंबून असते. कोणत्याही पंपावर आपण तीन गोष्टी मागू शकतो. पाच लिटरचे प्रमाणित माप, म्हणजे माप पुरे आहे की नाही ते कळते. गाळणकागद, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला तर दोन-एक मिनिटांत डाग न राहता उडून जावा. डाग राहिला तर आत जड तेल आहे. आणि घनतामापक, त्याचा आकडा पंपावर लिहिलेल्या आकड्याशी घनमीटरला तीन किलोच्या आत जुळला पाहिजे. रिकार्डोने मोडीत काढलेले हे वजनाचे माप शंभर वर्षांनी या नव्या कामी उपयोगी पडते आहे. पेट्रोल चांगले की वाईट हे ते सांगत नाही, डेपोतून निघालेलेच पेट्रोल हे आहे की नाही एवढे मात्र सांगते. रांगेत मागे वीस गाड्या भोंगे वाजवीत असताना हा कागद मागायला धीर लागतो, हे आम्हांला मान्य आहे. सकाळी लवकर जावे. त्या वेळी पंपावर गर्दी नसते आणि माणूसही बोलायला मोकळा असतो.